सज्ञान अपंग मुलाचा सांभाळ आणि आयकराची सवलत

सूत, थान, दलाली आणि उधारी यांचा पै-पैचा हिसाब आपण व्यापारी लोक ठेवतो. पण घरातला एक मोठा खर्च पुष्कळांच्या वहीत कधी चढतच नाही. तो म्हणजे जन्मापासून, आजाराने किंवा अपघाताने अपंग झालेल्या आणि आता वयात आलेल्या मुलाचा अगर मुलीचा खर्च. मूल लहान असते तोवर नातेवाईक विचारपूस करतात. ते पंचवीस-तीस वर्षांचे झाले की विचारपूस थांबते, खर्च मात्र थांबत नाही. औषधे, मालिश, सांभाळणारी बाई, रिक्षाचे भाडे, एखाद्या संस्थेची फी, सारे चालूच राहते. आणि बाप साठीकडे निघालेला असतो.

अशा आई-बापांना आयकराच्या कायद्यात सवलत आहे. ती बाजारात थोड्यांना माहीत आहे आणि ज्यांना माहीत आहे त्यांच्यातही गैरसमज फार आहेत. कोणी म्हणतो, मूल अठरा वर्षांचे झाले की सवलत संपते. कोणी म्हणतो, जेवढ्या पावत्या तेवढीच सवलत. कोणी म्हणतो, विमा पॉलिसी घेतल्याशिवाय ती मिळतच नाही. या तिन्ही समजुती चूक आहेत. उलट जो प्रश्न आज खरोखर विचारायला हवा तो कोणी विचारत नाही. नवी करप्रणाली आल्यानंतर ही सवलत आपल्यासारख्या लहान व्यापाऱ्याला कितपत लाभते, आणि लाभत नसेल तर मुलासाठी कागद करायचे की नाही? आमचे उत्तर असे आहे की सवलत लाभो वा न लाभो, कागद केलेच पाहिजेत. का, ते पुढे क्रमाने मांडतो.

सवलत काय आहे?

१९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ८० डीडी आहे. १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आहे आणि त्यात हेच कलम १२७ या क्रमांकाने आले आहे. बाजारात आणि सल्लागारांच्या तोंडी ८० डीडी हेच नाव रुळले असल्याने आम्ही तेच वापरतो.

जो भारताचा रहिवासी करदाता आपल्यावर अवलंबून असलेल्या अपंग नातेवाइकाच्या औषधोपचारावर, प्रशिक्षणावर किंवा पुनर्वसनावर खर्च करतो, त्याच्या उत्पन्नातून एक ठराविक रक्कम वजा होते. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ७५ हजार रुपये. ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजार रुपये. ही रक्कम २०१५ च्या अर्थसंकल्पात ठरली. त्यापूर्वी ती अनुक्रमे ५० हजार आणि १ लाख होती. त्यानंतर महागाई कुठल्या कुठे गेली, आकडा मात्र तोच राहिला.

ध्यानात ठेवण्याची गोष्ट म्हणजे ही रक्कम ठराविक आहे. खर्च झालेला असला पाहिजे, पण तो १० हजार झाला की २ लाख, यावर वजावट कमीजास्त होत नाही. तरीही अधिकाऱ्याने विचारल्यास दाखविण्यासाठी औषधांची बिले, संस्थेच्या फीच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका फाईलमध्ये ठेवाव्यात. खर्च झाला याचा सबूत लागतो, तो किती झाला याचा नाही.

नातेवाईक म्हणजे पती किंवा पत्नी, मुले, आई-वडील, भाऊ आणि बहिणी. मुलाला वयाची अट नाही. चाळीस वर्षांचा मुलगा असला तरी तो मुलगाच. भाऊ-बहीण यात आहेत, ही बाब आपल्या एकत्र राहणाऱ्या घरांसाठी फार महत्त्वाची आहे. वालिदैन गेल्यावर अपंग बहिणीचा सांभाळ थोरला भाऊ करतो, तर सवलत त्या भावाला मिळू शकते.

ती घेता कोणाला येते?

ही सवलत व्यक्तीची आहे. कायद्यात हिंदू अविभक्त कुटुंबाचाही उल्लेख आहे, पण तो प्रकार आपल्याला लागू नाही. दुकान भागीदारी फर्मच्या नावावर असेल तर फर्मला वजावट मिळत नाही. भागीदाराला फर्मकडून जो पगार किंवा व्याज मिळते, त्याच्या स्वतःच्या रिटर्नमध्ये ती घ्यावी लागते. जे व्यापारी उलाढालीवर ठराविक टक्के नफा दाखवून, म्हणजे कलम ४४ एडी खाली, रिटर्न भरतात त्यांनाही जुन्या करप्रणालीत ही वजावट घेता येते. तिच्यासाठी हिशेबाची पूर्ण वही लागत नाही.

कोकणातले आणि इतर भागांतले आपले पुष्कळ भाऊ आखातात कमावतात आणि इथल्या घराला पैसा पाठवितात. आयकराच्या दृष्टीने जो त्या वर्षी रहिवासी नाही, त्याला इथल्या भाड्याच्या उत्पन्नावर ८० डीडी मिळत नाही. इथे राहणारी आई किंवा इथला भाऊ स्वतःच्या उत्पन्नातून सांभाळ करीत असेल आणि कर भरत असेल तर त्याला ती मिळू शकते.

आणखी एक अट आहे. मूल "पूर्णपणे किंवा मुख्यत्वे" आपल्यावर अवलंबून असले पाहिजे. शिवाय त्या मुलाने स्वतःच्या रिटर्नमध्ये कलम ८० यू खालची सवलत घेतलेली नसावी. ८० यू ही अपंग व्यक्तीची स्वतःच्या उत्पन्नावरची सवलत आहे आणि तिची रक्कमही तेवढीच आहे. नव्या कायद्यात तिचे कलम १५४ आहे. म्हणजे एकाच मुलासाठी त्याने स्वतः ८० यू आणि बापाने ८० डीडी, असे दोन्ही चालत नाही.

सर्वांत आधी दाखला

या साऱ्याचा पाया म्हणजे अपंगत्वाचा दाखला. तो सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ही तपासणी होते. आपल्या खासगी डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलेली चिठ्ठी याला चालत नाही. आता अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करावा लागतो आणि दाखल्याबरोबर यूडीआयडी कार्ड मिळते. कार्डाच्या रंगावरून टक्केवारी कळते. ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. पिवळ्या कार्डाला ७५ हजार आणि निळ्याला सव्वा लाख, अशी खूण मनात ठेवली तरी पुरे.

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि एकापेक्षा जास्त अपंगत्वे असतील तर फॉर्म १०-आयए हा वेगळा नमुना आहे. नव्या कायद्याखाली फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून भरताना सल्लागाराला चालू क्रमांक विचारून घ्यावा. २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून रिटर्नमध्ये या सवलतीसाठी वेगळा तक्ता आला. त्यात अपंगत्वाचा प्रकार, नातेवाइकाचा पॅन, आधार, यूडीआयडी क्रमांक आणि फॉर्मचा तपशील मागितला जातो. पूर्वी एका ओळीत आकडा टाकून भागत होते, ते दिवस गेले.

दाखल्यावर मुदत आहे की तो कायमचा आहे, हेही पाहावे. काही दाखले पाच वर्षांनी किंवा अमुक तारखेला पुन्हा तपासणीस या, असे सांगतात. ज्या आर्थिक वर्षात मुदत संपते त्या वर्षापर्यंत वजावट चालते. पुढच्या वर्षासाठी नवा दाखला हवा. दुकानाच्या लायसनची मुदत आपण जशी कॅलेंडरवर लिहून ठेवतो तशी ही तारीखही लिहून ठेवावी.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. अनेक घरांत दाखला काढलेलाच नसतो, कारण शरम वाटते. बहिणींची लग्ने व्हायची आहेत, लोक काय म्हणतील, सरकारी कागदावर "अपंग" असे नाव कशाला लागू द्यायचे? पण कागद नसल्याने मुलाचे अपंगत्व लपत नाही. मोहल्ल्याला ते माहीतच असते. लपतो तो फक्त त्याचा हक. तो खैरात मागत नाही, कायद्याने दिलेले मागतो.

दुसऱ्या बाजूने, काही लोक दाखला नसताना किंवा टक्केवारी कमी असताना आकडा टाकून मोकळे होतात. त्यांनी जाणून घ्यावे की चुकीची माहिती देऊन कर बुडविल्यास बुडविलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो.

आता मुख्य हिसाब

८० डीडी फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत ती नाही, ८० यू सुद्धा नाही. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली हीच मूळ धरली जाते. काही न सांगता रिटर्न भरले तर ते नव्या प्रणालीत जाते.

आता उदाहरण घेऊ. समजा, एका कापड व्यापाऱ्याची उलाढाल दीड कोटी आहे आणि सर्व वसुली बँकेतून होते. सहा टक्क्यांनी नफा ९ लाख झाला. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सूट धरून कर शून्य होतो. मग या व्यापाऱ्याला ८० डीडीचा काही उपयोग नाही. त्याने सवलतीच्या मोहाने जुनी प्रणाली निवडली तर उलट कर भरावा लागेल.

दुसरे उदाहरण. समजा, उत्पन्न १४ लाख आहे, वय साठच्या आत आहे आणि मुलाचे अपंगत्व ८० टक्क्यांवर आहे. नव्या प्रणालीत कर ९० हजार, त्यावर ४ टक्के उपकर ३,६००, एकूण ९३,६०० रुपये. जुन्या प्रणालीत ८० सी चे दीड लाख, आरोग्य विम्याचे २५ हजार आणि ८० डीडीचे सव्वा लाख असे ३ लाख वजा केले तर ११ लाख राहतात. त्यावर उपकरासह कर होतो १,४८,२०० रुपये. म्हणजे सवलत घेऊनही ५४,६०० रुपये जास्त.

तिसरे उदाहरण. उत्पन्न तेच. पण घराच्या कर्जाचे व्याज २ लाख आहे आणि ज्येष्ठ आई-वडिलांच्या आरोग्य विम्यासह ८० डी चे ७५ हजार आहेत. दीड लाख, ७५ हजार, दोन लाख आणि सव्वा लाख मिळून वजावट साडेपाच लाख झाली. उरले साडेआठ लाख. उपकरासह कर ८५,८०० रुपये. येथे जुनी प्रणाली ७,८०० रुपयांनी स्वस्त पडली, आणि तीही ८० डीडीमुळेच. ती नसती तर कर १,११,८०० झाला असता.

यावरून काय दिसते? ज्याच्या वजावटी पुष्कळ आहेत त्यालाच आज ही सवलत खरी लाभते. ज्याने कर्ज घेतलेले नाही, विमा घेतलेला नाही, त्याला ती बहुधा लाभत नाही. कायद्याने सवलत काढून घेतली नाही, पण तिच्याकडे जाणारा रस्ता अरुंद केला. ज्या घरात अपंग मूल आहे आणि ज्यात नाही, त्या दोघांना नवी प्रणाली एकाच मापाने मोजते. हा अन्याय आहे असे आमचे मत आहे आणि व्यापारी संघटनांनी अर्थसंकल्पापूर्वीच्या निवेदनांत ही मागणी घातली पाहिजे.

धंदेवाईक करदात्याने आणखी एक जपावे. नोकरदार दरवर्षी प्रणाली बदलू शकतो. आपण तसे करू शकत नाही. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याने जुनी प्रणाली निवडायची तर रिटर्नच्या मुदतीच्या आत वेगळा फॉर्म भरावा लागतो. १९६१ च्या कायद्याखाली तो १०-आयईए होता. जुनीतून नवीत परत एकदाच येता येते. त्यानंतर धंदा चालू आहे तोवर पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. म्हणून एका वर्षाचे नव्हे, पुढच्या चार-पाच वर्षांचे आकडे मांडूनच निर्णय घ्यावा.

व्यवसाय कराची सूट

आयकराची कोणतीही प्रणाली असो, महाराष्ट्रात एक लहानशी पण सोपी सूट आहे. नावनोंदणी केलेला व्यापारी वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरतो. १९७५ च्या व्यवसाय कर कायद्यात मतिमंद व्यक्तीच्या आई-बापांना अगर पालकाला या करातून सूट आहे. शब्द "व्यक्ती" असा असल्याने मूल सज्ञान असले तरी ती लागू होते. शारीरिक अपंगत्वाबाबत पालकांची सूट "मुला"पुरती लिहिलेली आहे, तेव्हा सज्ञान मुलाबाबत सल्लागाराला विचारून घ्यावे. दाखला इथेही लागतोच.

विमा योजनेचा मार्ग

८० डीडीचा दुसरा मार्ग म्हणजे एलआयसी किंवा अन्य मान्य विमा कंपनीच्या अशा योजनेत पैसे भरणे, जिच्यातून पुढे अपंग मुलाला रक्कम मिळते. पूर्वी ही रक्कम आई-बापाच्या मृत्यूनंतरच मिळावी अशी अट होती. बाप हयात पण थकलेला, तरी पैसा अडकलेला. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायालयाने कायदा रद्द केला नाही, पण सरकारने विचार करावा असे सुचविले. २०२२ च्या अर्थसंकल्पात दुरुस्ती झाली. आता आई-बाप साठ वर्षांचे झाल्यावर आणि हप्ते थांबल्यावर त्यांच्या हयातीतही मुलाला रक्कम सुरू होऊ शकते. मात्र मूल आधी वारले तर भरलेली रक्कम त्या वर्षी आई-बापाचे उत्पन्न धरून तिच्यावर कर लागतो.

ज्यांना विम्याच्या व्यवहाराबद्दल शरई कारणाने संकोच आहे, त्यांनी हे जाणावे की पॉलिसी सक्तीची नाही. प्रत्यक्ष खर्चाच्या आधारावरही पूर्ण सवलत मिळते.

आमच्यानंतर काय?

प्रत्येक आई-बापाच्या मनात रात्री येणारा सवाल हाच असतो. सवलतीचे काही हजार रुपये हे त्याचे उत्तर नाही. पण तोच दाखला इथे कामाला येतो.

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होते. त्याची समज कितीही कमी असली तरी बाप आपोआप त्याचा कायदेशीर पालक राहत नाही. बँक सही मागते, रजिस्ट्रार सही मागतो आणि घर अडते. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्वाचा दाखला घेता येतो. आई-बाप हयात असतानाच हे करून ठेवावे. याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना या चार प्रकारांसाठी १ लाख रुपयांपर्यंत आहे.

मालमत्तेबाबत दोन शब्द. अपंग असल्याने वारशातला हिस्सा जात नाही. तो इतर वारसांइतकाच वारस आहे, हे भावंडांना आजच सांगून ठेवावे. वसीयत एकतृतीयांशापुरतीच चालते, आणि वारसाच्या नावाने केली तर सुन्नी कायद्यात इतर वारसांची संमती लागते. म्हणून काही लोक हयातीतच एखादा गाळा मुलाच्या नावे हिबा करतात. बापाकडून मिळालेल्या हिब्यावर मुलाला आयकर नाही, आणि मूल सज्ञान असल्याने गाळ्याचे भाडे बापाच्या उत्पन्नात मिळविले जात नाही. ते मुलाचे स्वतःचे उत्पन्न होते. पण भाडे भरपूर असेल तर मूल "मुख्यत्वे अवलंबून" राहिले काय, असा प्रश्न येतो आणि ८० डीडी अडचणीत येऊ शकते. दोन्हींचा हिसाब शेजारी ठेवावा. हिबा पूर्ण होण्यास ताबा द्यावा लागतो. समज कमी असलेल्या मुलाच्या वतीने कोण स्वीकारणार, हे वकिलाकडून आधी पक्के करून घ्यावे.

करावयाची कामे

१. दाखला आणि यूडीआयडी कार्ड काढणे. मुदत असेल तर तारीख लिहून ठेवणे.
२. मुलाचे आधार, पॅन आणि बँक खाते करणे.
३. खर्चाची वेगळी फाईल ठेवणे.
४. रिटर्नपूर्वी दोन्ही प्रणालींचा हिसाब सल्लागाराकडून कागदावर मांडून घेणे.
५. व्यवसाय कराची सूट लागू आहे काय ते पाहणे.
६. अठरा वर्षे पूर्ण झाली असतील तर पालकत्वाचा अर्ज करणे आणि आपल्यानंतर पालक कोण, हे घरात बसून ठरविणे.

यातले पहिले काम झाले नाही तर बाकीचे बहुतेक अडते. सिव्हिल हॉस्पिटलला दोन-चार खेपा होतील, रांगेत उभे राहावे लागेल, एखादा दिवस दुकान उशिरा उघडेल. मार्च अखेरीस हिसाबाच्या घाईत हे जमत नाही. ज्या घरात असे मूल आहे त्यांनी या महिन्यातच अर्ज करावा, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांनी ही माहिती शेजारच्या घरी पोहोचवावी.